एकही गोळी चुकवली नाही

"खरं सांगा बाई, गोळ्या कधीपासून सोडल्यात?"

डॉक्टर सबनीसांनी माझ्याकडं न बघताच विचारलं. बेंबीशेजारची जखम दाबून ते पू किती येतोय ते बघत होते. मी पडद्याआड टेबलावर आडवी होते, पण पडदा आवाज थोडाच अडवतो. दार सताड उघडं, आणि दाराबाहेरच्या बाकांवर तोंडाला रुमाल-पदर लावून बसलेली सगळी रांग गप्प झाली होती. टीबीचे आणि असल्या चिवट जंतूंचे रोगी मिरजेच्या त्या दवाखान्यात सबनीसच बघायचे. दुसऱ्याचं ऐकण्यापलीकडं त्या बाकांवर माणसाला करण्यासारखं काही नसायचं.

"सोडल्या नाहीत," मी म्हटलं.

"मधनंमधनं चुकल्या असतील."

"एकही नाही."

"सगळे असंच म्हणतात."

"सगळे म्हणत असतील. मी शालन खराडे म्हणतेय."

ते हसले. कुचकट नव्हतं ते, दमलेल्या माणसाचं हसू होतं. पण माझ्या मस्तकात तिडीक गेली. आता त्यांना काय माहीत, शालन खराडे कोण ते. मी तासगावात मुलींच्या शाळेत खेळाची बाई होते आणि जिल्ह्यात कबड्डीची पंच. एकदा माझ्याच शाळेच्या पोरीचा चढाईत दम तुटला. गोंगाट इतका होता, की ते माझ्याशिवाय कुणालाही ऐकू गेलं नाही. मी शिट्टी मारली आणि तिला बाद दिलं. सामना हातचा गेला. पोरीची आई मला मैदानातच वाट्टेल ते बोलली, हेडबाईंनी कितीतरी दिवस अबोला धरला. खोटं बोलायचं असतं तर तेव्हा बोलले नसते का? गोळ्यांपायी कशाला बोलेन?

झालं होतं असं. आदल्या वर्षी दिवाळी झाल्यावर माझं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं होतं, दुर्बिणीतून. पोटाला बारीक भोकं पाडतात, दोन दिवसांत घरी सोडतात. टाके सुकले, मी मैदानावर परत गेले, आणि महिनाभरानं बेंबीजवळ गाठ आली. फुटली, भरली, पुन्हा फुटली. सर्जननं साफ करून बघितलं, मग हात टेकले आणि मला मिरजेला धाडलं. मिरजेच्या लॅबनं जंतू शोधून काढला. टीबीच्या भावकीतला, पण टीबी नव्हे. पाण्यात, मातीत राहणारा, एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. दुर्बीण धुतलेल्या पाण्यातनं तो पोटात शिरला असणार, असं सबनीस म्हणाले. लॅबनं हेही लिहून दिलं, की अमुक एका गोळीनं हा मरतो. ती गोळी मी सकाळ-संध्याकाळ घेत होते, चार महिने झाले होते. तोंडाची चव गेली होती. चहासुद्धा कल्हई उडालेल्या भांड्यातला लागायचा.

मी पातळ सारखं करून खुर्चीवर बसले. "गोळी लागू पडत नसली, तर शिरेतनं द्यायची इंजेक्शनं आहेत, असं तुम्हीच पहिल्या दिवशी म्हणाला होता. ती द्या."

"रिपोर्ट म्हणतो गोळी लागू आहे. जखम म्हणते गोळी पोटात जात नाही. मी कुणावर विश्वास ठेवू?"

"माझ्यावर."

"बाई, ती इंजेक्शनं माझ्याकडं शेवटची आहेत. अर्धवट घेणाऱ्याला दिली, की जंतू त्यांनाही सरावतो. मग पोटाची भिंत आतनं सडत जाते आणि मी नुसता बघत बसतो. मी अशी माणसं गमावलीत. तुम्ही आधी गोळ्या सरळ घेऊन दाखवा. गावातली सिस्टर रोज घरी येईल, तिच्यासमोर गिळायची. सुधारणा दिसली तर चांगलंच, नाहीतर इंजेक्शनाचं बघू."

माणूस वाईट नव्हता, हे मला आज कळतं. तेव्हा मात्र अंगाची नुसती लाही होत होती. सिस्टर घरी येणार, गल्ली बघणार, खराडेबाईंना गोळी भरवायला दवाखान्यातनं माणूस ठेवलाय म्हणून साऱ्या तासगावात बोभाटा होणार.

"सिस्टर कशाला?" मी म्हटलं. "खोटारडी तुम्ही म्हणालात. मग तुमच्याच समोर गिळते. रोज सकाळी, इथंच."

"तासगावहून रोज येणार?"

"एसटी येते ना. शाळेला मेची सुट्टी आहे. संध्याकाळची गोळी तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरसमोर घेईन, तिला विचारा वाटल्यास."

त्यांना वाटलं, बाई रागानं बोलतेय, दोन दिवसांत थंड होईल.

रात्री जेवताना मी घरात सगळं सांगितलं. आमचे हे दूध संघात होते. शांत माणूस, कुणाला मोडून बोलायचं नाही. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाले, "शालन, रागावू नकोस. पण खरंच एकदासुद्धा नाही? गडबडीत एखादी राहून जाते गं माणसाची."

डॉक्टरांचं बोलणं मी अंगावरनं झटकलं होतं. हे मात्र काळजात घुसलं. माझं जेवण तिथंच संपलं.

"उद्या तुम्ही पण चला मिरजेला," मी म्हटलं. "तुम्हालाही बघायला मिळेल."

"तसं नव्हे गं."

"तसंच आहे."

दुसऱ्या दिवशी ते खरंच आले आणि रांगेच्या टोकाला अवघडून उभे राहिले. माझा नंबर आल्यावर मी आत गेले, पर्समधनं गोळी काढली, सबनीसांच्या नाकासमोर धरली, माझ्याच बाटलीतलं पाणी प्याले आणि गिळली. मग तोंड उघडून जीभ वर केली.

"ठीक आहे, ठीक आहे," ते म्हणाले.

"नीट बघा, डॉक्टर. गालात धरली असेल."

"दिसलं मला."

"इकडच्या बाजूला बघितलं नाहीत."

बाहेर कुणीतरी फिसकन हसलं. सबनीसांनी टॉर्च घेऊन दोन्ही गाल बघितले, तेव्हाच मी तिथून हलले. परतताना एसटीत हे माझ्याशेजारी बसले होते. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी उगाच विचारलं." घरी गेल्यावर मी त्यांना चहा करून दिला.

मी थंड झाले नाही. रोज सकाळी पहिली एसटी धरायची, सांगलीला बदलायची, मिरजेला उतरायचं. हळूहळू रांगच माझी वाट बघायला लागली. "आली बघा कबड्डीवाली," असं म्हणून बायका सरकून मला जागा करायच्या. मी आत जाऊन "आ" केलं, की बाहेर सगळे माना लांब करायचे. सबनीस मानेपर्यंत लाल व्हायचे. एकदा म्हणाले, "बाई, तुम्ही मला शिक्षा करताय." मी म्हटलं, "छे हो, पुरावा देतेय."

पण जखमेला काही पुराव्याची पर्वा नव्हती. ती मिटायचं सोडाच, उजव्या बरगडीखाली दुसऱ्या भोकाच्या जागीही गाठ आली आणि एके सकाळी एसटीतच फुटली. मी दवाखान्यात पोचेपर्यंत परकर ओला झाला होता. आता तरी हे इंजेक्शनं लिहून देतील, या आशेनं मी सबनीसांच्या समोर बसले. त्यांनी गाठ बघितली, हात धुतले, आणि बराच वेळ पुसत बसले.

"इथनं बाहेर जाऊन उलटी काढणारेही मी बघितलेत," शेवटी ते म्हणाले.

त्यांच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. खोटं कशाला सांगू. हात उचललाही गेला असेल थोडा, कारण ते जरा मागं सरले. मी उठले, त्यांच्या समोरची खुर्ची उचलली, दाराबाहेर नेऊन मधोमध ठेवली आणि त्यांच्याकडं तोंड करून बसले.

"गोळी विरघळेपर्यंत मी अशी बसते," मी म्हटलं. "उलटी झाली तर दिसेलच तुम्हाला."

"खराडेबाई, पेशंटना यायला-जायला जागा नाही."

"ते बारीक आहेत सगळे. जातील."

मग तो रोजचाच नेम झाला. गोळी गिळायची आणि दारात बसायचं. अंगात कसर असायची, पोट ठणकायचं, कधी कधी डोळ्यांपुढं अंधारी यायची. पण पाठ टेकली नाही. तिथंच एक दिवस डॉक्टर मुजावर माझ्या खुर्चीला अडखळल्या. तस्नीम मुजावर, खालच्या मजल्यावर लॅब सांभाळायच्या. तिशीतली बाई, चालायची भारी चपळ. एका हातात रिपोर्टांचा गठ्ठा आणि डोकं त्याच्यातच.

"ताई, तुम्ही रोज अशा दारात का बसता?"

मी सांगितलं, आडपडदा न ठेवता. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो मला त्या सहा महिन्यांत कुणीच विचारला नव्हता.

"गोळी सुरू केली तेव्हा सुरुवातीला बरं वाटलं होतं का?"

"हो तर. पहिल्या पंधरवड्यात पू आटला होता. मला वाटलं, सुटले. मग पुन्हा जोरात आला."

त्या तशाच उभ्या राहिल्या. सबनीसांकडं जायचे रिपोर्ट हातात तसेच.

"मला थोडा पू द्याल?"

"थोडा कशाला, हवा तेवढा न्या," मी म्हटलं. "दुसरं काही नाहीच माझ्याकडं द्यायला."

पू घेतल्यावर त्या म्हणाल्या, की या वेळी वेळ लागेल, धीर धरा. दोन-तीन आठवडे गेले. ताप उतरेना. हे म्हणाले, "मरो ती गोळी, बंद कर. काही उपयोग दिसत नाही." उपयोग दिसत नव्हता हे मलाही कळत होतं. पण आता सोडली असती, तर सबनीस म्हणाले असते, बघा, मी काय सांगत होतो. मेले असते तरी गोळी सोडली नसती. अशी खुन्नस चढली होती मला.

मग एका सकाळी गोळी घ्यायच्या आधीच मुजावरबाईंनी मला जिन्यात गाठलं आणि खाली लॅबमध्ये नेलं. काचेच्या अलीकडं स्टुलावर बसवलं. पलीकडं बारीक बारीक खळग्यांची एक ताटली होती, वरनं पक्की बंद केलेली.

"हा तुमचा जंतू," त्या म्हणाल्या. "प्रत्येक खळग्यात तुमची गोळी घातलीय, कुठं कमी, कुठं जास्त. चौथ्या दिवशी पाणी स्वच्छ होतं. म्हणजे जंतू दबला. आम्ही लिहितो, गोळी लागू आहे, आणि ताटली जाळायला पाठवतो. तुमच्या पहिल्या वेळी तेच केलं."

"आणि आता?"

"आता बघा ना."

सगळे खळगे गढूळ झाले होते, तांदळाच्या धुवणासारखे.

"आम्ही टीबीची लॅब, ताई. टीबीचा जंतू उगवायची महिना महिना वाट बघण्यात आमचा जन्म जातो. हा चार दिवसांत उत्तर देतो म्हटल्यावर आम्हाला कोण आनंद. उत्तर मिळालं, पुढचा नमुना लावला. त्याचं बोलणं संपलंय का, हे बघायला थांबलंच नाही कुणी. या वेळी मी दोन आठवडे थांबले."

"मग हा आधी मेला आणि परत जिवंत झाला?"

"मेलाच नव्हता. याच्यात एक जनुक असतं. एरवी झोपलेलं असतं ते. ही गोळी जंतूच्या आत एका ठरावीक जागी जाऊन चिकटते, तिथंच त्याला मारते. पण गोळीची चाहूल लागली, की ते जनुक जागं होतं आणि ती जागाच बदलून टाकतं. मग गोळीला चिकटायला काही राहत नाही. याच भावकीतल्या काही जंतूंत ते जनुक तुटकं असतं, त्यांचे रोगी याच गोळीनं बरे होतात. तुमचं जनुक मी पुण्याला पाठवून वाचून घेतलं. धडधाकट आहे."

डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, आणि विचारायचं धाडस होईना.

"बाई," मी शेवटी म्हटलं, "मी गोळ्या घेतल्याच नसत्या तर?"

"तर ते झोपलेलंच राहिलं असतं."

मला हसू आलं. खरंच हसू आलं, आणि हसता हसता रडू फुटलं. लबाड असते, गोळ्या मोरीत टाकल्या असत्या, तर माझा जंतू भोळाच राहिला असता. मी इमानानं घेतल्या म्हणून तो शहाणा झाला. पहाटे उठून, दोन एसट्या बदलून, चारचौघांत जीभ वर करून मी जी प्रत्येक गोळी गिळली, ती त्याला उठवायलाच गेली होती. मी खरी आहे याचा पुरावा माझ्या पोटात वाहत होता, आणि वर बसलेला माणूस त्यालाच माझं खोटं समजत होता.

"पहिला रिपोर्ट कुणी दिला होता?" मी डोळे पुसून विचारलं.

"मी. सही माझीच आहे." त्यांनी नजर चुकवली नाही. "सबनीससरांना काल सगळं सांगितलंय. गोळी आजपासून बंद. इंजेक्शनं लिहिलीत त्यांनी, वॉर्डात खाट ठेवलीय. तुम्ही थेट तिकडं जा."

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, आजच सुरू करा."

"बाकी काही?"

"एवढंच."

मी वॉर्डात गेले नाही. जिना चढून सरळ वर गेले, रांग ओलांडून आत शिरले. मुजावरबाई माझ्या मागोमाग आल्या.

पुढं पोट पुन्हा उघडून साफ केलं, इंजेक्शनांनी शिरा सुजल्या, कानांत कित्येक दिवस शिट्ट्या वाजत राहिल्या, पण जखम भरली. म्हणून तर बारा-तेरा वर्षांनी हे सांगायला मी आहे. त्या सकाळी मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. मला ताप होता, उभं राहायला भिंत लागत होती, आणि इंजेक्शन एवढंच काय ते माझ्या हाताशी होतं.

सबनीसांनी मला बघून खुर्ची पुढं केली. "बसा. आजच ॲडमिट व्हा, इंजेक्शनं सुरू करू."

"का?"

"रिपोर्ट बदलला."

"रिपोर्ट बदलला, का मी खरं बोलत होते?"

त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही खरं बोलत होता," ते हळू म्हणाले.

"बाहेर ऐकू गेलं नाही."

"खराडेबाई, तुम्हाला ताप आहे. वेळ घालवू नका."

"ज्यांच्यासमोर मला खोटी पाडलंत, त्यांच्यासमोर सांगा. तोवर मी सुई टोचून घेणार नाही."

"तुम्ही तुमच्या जिवाशी खेळताय."

"जीव माझा आहे, डॉक्टर. शब्दही माझाच आहे. एक वाचवायचा आणि दुसरा इथंच टाकून जायचा, हे मला जमायचं नाही."

मला वाटलं, ओरडतील. मुजावरबाईंना वाटलं असणार, मी पडते, कारण त्यांनी माझा दंड धरला. सबनीसांनाही त्यांचा अभिमान होता, आणि इतक्या वर्षांत त्या दारात जाऊन कुणासमोर मान खाली घालायची वेळ त्यांच्यावर आली नसावी. मग ते उठले, तोंडावरचा मास्क हनुवटीवर ओढला आणि दारात गेले.

"जरा ऐका," ते रांगेला म्हणाले. आवाज फुटत नव्हता, म्हणून पुन्हा म्हणाले, "ऐका. या बाईंनी एकही गोळी चुकवली नव्हती. मी यांना सगळ्यांसमोर खोटं ठरवलं. चूक आमच्या तपासणीची होती, यांची नव्हती."

कुणी हसलं नाही. रोज माझी गंमत बघणारी माणसं, पण कुणी हललंसुद्धा नाही. सबनीस आत वळायला लागले, तेवढ्यात मधल्या बाकावरची एक काटकुळी बाई भिंतीला हात लावून उठली. पदर तोंडावर धरून ती बोलली, पण स्पष्ट बोलली.

"साहेब, मी पण चुकवल्या नव्हत्या."

सबनीस थांबले. तिच्या मागं एक म्हातारा काठी टेकून उभा राहिला. मग कोपऱ्यातला एक तरणा माणूस. मग दोघं एकदम बोलायला लागले, त्यांच्यामागं आणखी कुणी, आणि वर्षानुवर्षं मुकाट बसलेली ती रांग एका दमात सगळं सांगू बघायला लागली. सबनीस दाराची चौकट धरून उभे होते. कुणाकडं बघावं ते त्यांना कळेना.

मी दंडावरचा मुजावरबाईंचा हात सोडवला आणि सबनीसांच्या शेजारी दारात जाऊन उभी राहिले.

"एकेकानं बोला," मी म्हटलं. "डॉक्टर ऐकतायत."